वाळीत टाकणे आणि आमिश प्रेमकथा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमिश प्रेमकथा, म्हणजे अमेरिकेतल्या आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या प्रेमकथा, पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी रविवारच्या पुरवणीत लेख आला, हे छान झाले. पण त्यात एक चूक राहून गेली आहे, आणि ती नेमकी कथेच्या कण्यातली आहे. ‘इंग्लिश मुलावर (म्हणजे आमिश नसलेल्या) जीव जडला की नायिकेला वाळीत टाकतात,’ असे लेखात म्हटले आहे. तसे होत नाही.

आमिश लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. साधारण अठरा ते बाविसाव्या वर्षी मुलगा किंवा मुलगी स्वतःहून मागते, तेव्हा देतात. त्याआधी कोणी समाज सोडून गेले, तर आई डोळे पुसेल, पण ‘माइडुंग’ म्हणजे बहिष्कार लागू होत नाही. तो लागतो बाप्तिस्म्यात दिलेला शब्द मोडणाऱ्याला. म्हणून नव्या वाचकाने नायिका कोणाच्या प्रेमात पडली हे मागाहून पाहावे, तिचा बाप्तिस्मा झाला आहे का हे आधी पाहावे. ही माहिती बहुधा सुरुवातीच्या प्रकरणांत एखाद्या वाक्यात येऊन जाते. ते वाक्य निसटले, की पुढची सगळी रडारड उगाच वाटते.

‘वाळीत टाकणे’ म्हटले की आपल्याला जातपंचायत आठवते आणि 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही. माइडुंग त्याहून वेगळे आहे. वाळीत टाकलेल्याशी बोलणे चालते, अडीअडचणीला धावून जाणेही चालते. त्याच्यासोबत एका टेबलावर जेवणे, त्याच्या हातून वस्तू घेणे, त्याच्या गाडीत बसणे मात्र चालत नाही. काही घरांत दोन टेबले बोटभर अंतराने ठेवून वर एकच चादर अंथरतात: नियमही राहिला आणि लेकरू पंगतीलाही बसले! चूक कबूल करून परतणाऱ्याला पुन्हा सामावून घेतात. या कथांची लाट 1997 साली बेव्हर्ली लुईस यांच्या ‘द शनिंग’पासून उसळली. त्या नावाचा अर्थच मुळी वाळीत टाकणे.

‘इंग्लिश’ म्हणजे ब्रिटिश नव्हे. आमिश नसलेला कोणीही इंग्लिश. शेजारचा अमेरिकन दूधवालासुद्धा. आणि दुकानात नुसते ‘अमिश’ म्हणालात, तर शिवकथा लिहिणाऱ्या अमीश त्रिपाठींचे पुस्तक हातात येईल, तेव्हा ‘आमिश’ असे ठणकावून सांगा. (आपले ‘आमिष’ तर वेगळेच.)

नायिका भाड्याच्या व्हॅनमधून गेली, की लेखिका चुकली असे काहींना वाटते. मोटारीत बसायला मनाई नाही, मोटार बाळगायला आहे. सायकलचे मात्र गाव पाहून ठरवावे. उत्तर इंडियानात ती चालते, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये पायाने ढकलायची स्कूटर असते. लँकेस्टरचा नायक सायकलवरून आला, तर खुशाल पेन्सिलीने खूण करा.

या कथांवरून आमिश धर्म समजला, असे मात्र धरू नये. बहुतेक लेखिका आमिश नाहीत, इव्हँजेलिकल, म्हणजे येशूवरच्या वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या ख्रिस्ती वळणाच्या आहेत. त्यामुळे नायिका शेवटी ‘माझे तारण (पापातून सुटका) झाले, मला खात्री आहे’ असे म्हणते. जुन्या वळणाचा आमिश माणूस असे बोलणार नाही. त्याला तो गर्व वाटतो. तो फक्त आशा बाळगतो. मालिका बहुधा तीन पुस्तकांच्या असतात, म्हणून दुसऱ्यापासून सुरुवात करू नये. शेवटी दिलेली शब्दसूची आधी चाळावी. चुंबन शेवटच्या प्रकरणापर्यंत लांबले, तर ती या प्रकाराची रीतच आहे.

लँकेस्टरच्या कथेत परसातल्या सेलरी या पालेभाजीवर डोळा ठेवावा. तिथली लग्ने परंपरेने सुगी संपल्यावर, मंगळवारी किंवा गुरुवारी होतात आणि जेवणात सेलरी भरपूर लागते. मुलीच्या आईने उन्हाळ्यात नेहमीपेक्षा जास्त वाफे लावले, की शेजारणी काय ते ओळखतात. साखरपुड्याची घोषणा चर्चमध्ये व्हायला तेव्हा अजून कितीतरी आठवडे असतात.

आपला,
एक ग्रंथपाल, सातारा