युनिया ही बाईच होती

संपादक महोदय,

बायबलमधल्या बायकांवर पेपरात काही आलं की मरिया, मार्था आणि मग्दालिया मरिया यांच्यापुढे गाडी सरकतच नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. बायबलच्या नव्या करारात रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात, 7व्या वचनात सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल अंद्रोनिक आणि युनिया या दोघांना सलाम सांगतो. पत्र साधारण इ.स. 57 च्या सुमारासचं, ग्रीकमध्ये लिहिलेलं. हे दोघं माझ्याच लोकांपैकी (म्हणजे ज्यू), माझ्यासारखेच कैद भोगलेले, प्रेषितांमध्ये (ख्रिस्ताचा संदेश पोचवायला पाठवलेल्यांमध्ये) नावाजलेले आणि माझ्याही आधी ख्रिस्ताकडे आलेले, असं पौल म्हणतो, आणि एवढं सगळं एकाच वचनात!

नाव मात्र ग्रीक नाही, लॅटिन आहे. रोममध्ये युनियस नावाचं मोठं घराणं होतं, सीझरला मारणारा ब्रूटस त्यातलाच, आणि तिकडे घराण्याचं नावच स्त्रीलिंगी करून मुलीला द्यायचे, म्हणून युनियस घराण्यातली ती युनिया. बरेच जण या नावाचा संबंध जूनो या रोमन देवीशीही लावतात. पण गुलामीतून सुटलेल्यांनाही मालकाच्या घराण्याचं नाव लागायचं, त्यामुळे एका ज्यू बाईचं नाव इतकं पक्कं रोमन कसं याचं एक उत्तर हे असू शकतं की ती स्वतः किंवा तिच्या घरातलं कोणीतरी कधीकाळी गुलाम होतं. मला तर हीच शक्यता सगळ्यात जास्त पटते.

आता खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. जुन्या हस्तलिखितांत ग्रीक अक्षरं सगळी मोठी, वर स्वरचिन्ह (शब्दात जोर कुठे द्यायचा ते दाखवणारी खूण) नाही, आणि वाक्यात हे नाव कर्म म्हणून येतं, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून बाई की पुरुष ते कळत नाही, ते ठरतं या खुणेवरून. मग काही विद्वानांनी ठरवलं की हा युनियास नावाचा पुरुष असणार, कारण बाई प्रेषित कशी असेल! पण युनिया हे नाव रोमच्या शिलालेखांत शेकड्यांनी सापडतं आणि युनियास हे पुरुषाचं नाव त्या काळात कुठेच सापडत नाही. चौथ्या शतकातल्या योहान क्रिसोस्तम या ख्रिस्ती धर्मगुरूची तर भाषाच ग्रीक, त्याने युनियाला बाई समजूनच तिच्या शहाणपणाचं कौतुक केलंय, प्रेषित म्हणवून घ्यायला पात्र ठरली म्हणून. तरीही 1927 मध्ये नेस्ले नावाच्या अभ्यासकाने संपादित केलेल्या ग्रीक नव्या करारात नावावर पुरुषी स्वरचिन्ह आलं, आणि विद्वान मंडळी सगळीकडे हीच आवृत्ती वापरत असल्याने बऱ्याच भाषांतरांतून बाई गायबच झाली. ती दुरुस्ती व्हायला 1998 उजाडलं, म्हणजे 71 वर्षं एका बारीक चिन्हाने तिला झाकून ठेवलं.

‘प्रेषितांमध्ये नावाजलेले’ म्हणजे ‘प्रेषितांना चांगले माहीत असलेले’ एवढंच, असं आजही काही अभ्यासक म्हणतात, तो वाद चालू राहू दे, पण ती बाई होती यावर आता अभ्यासकांमध्ये फारसा वाद उरलेला नाही. कृपया पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा युनियाचं नाव त्यात घ्याच, आणि जागा असेल तर त्याच अध्यायातल्या फिबी, प्रिस्का आणि पर्सिस यांचंही.

आपला,
एक नियमित वाचक