आवाहन: एकाच पुस्तकाच्या दहा प्रती हव्या आहेत

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर आपल्या वाचनालयाचं पत्रक निघतं. दिवाळी अंकांच्या योजनेत नाव नोंदवा, थकलेली वर्गणी भरा, घरातली जुनी पुस्तकं द्या. मजकूर इतका ठरलेला, की वर्षं बदलून तेच छापलं तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. यंदा मात्र कृपया शेवटपर्यंत वाचा, कारण मागणी उलटी आहे. आम्हाला जास्त पुस्तकं नकोत. एकच हवं आहे, पण दहा वेळा.

असं का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी ग्रंथपालबाईंनी देवघेवीच्या टेबलावर एक लांब वही ठेवली. वर नाव घातलं, 'सध्या काय वाचताय?' पुस्तक नेताना किंवा परत करताना ज्याला वाटेल त्याने एक ओळ लिहायची. नाव लिहायची सक्ती नाही. पहिला महिनाभर वहीत बाईंचंच अक्षर होतं. मग हळूहळू लोक लिहायला लागले. 'पहिली चाळीस पानं जड गेली, मग सुटलं.' 'निम्मं झालं होतं, तेवढ्यात मालकांनी उचललं. त्यांचं झालं की पुढे.' 'तिसऱ्यांदा नेतोय, कारण विचारू नका.' 'नाही आवडलं. परत केलं.' ही शेवटची ओळ ज्यांनी लिहिली त्यांचे आभार मानायला हवेत. त्या एका ओळीखाली पुढच्या पंधरवड्यात अकरा जणांनी आपापलं मत नोंदवलं आणि दोन पानं भरली. वहीत भांडणं होताहेत, तर समोरासमोर का नकोत, असं म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी कट्टा सुरू झाला.

कट्ट्याचा नियम एकच. हातात आत्ता चालू असलेलं पुस्तक घेऊन यायचं. संपलेलं नव्हे, चालू असलेलं. कुठं अडलंय, काय खटकतंय, कुठल्या पानावर झोप लागली, सगळं चालतं. ज्याचं पुस्तक आधीच वाचून झालंय त्याने शेवट फोडायचा नाही. फोडला तर त्या दिवशीच्या चहाचे पैसे त्याचे. आपले निवृत्त मास्तर आजवर चार वेळा चहा पाजून बसलेत.

कट्टा चांगला चालला, पण त्यात एक खोट होती, आणि ती कळायला आम्हाला वर्ष लागलं. वीस माणसं, वीस पुस्तकं. एकाने सांगायचं, एकोणीस जणांनी माना डोलवायच्या. 'छान आहे, वाचायला हवं,' की पुढचा. ज्याने पुस्तक वाचलेलंच नाही तो त्यावर भांडणार कसा? भांडण नाही, तर कट्टा आणि आकाशवाणी यात फरक काय राहिला?

मग गेल्या मे महिन्यात वळीव आला.

आपला हा दुष्काळी पट्टा. वर्षातले आठ महिने आपण आभाळाकडे बघण्यात घालवतो. त्या दिवशी अर्ध्या तासात जे आलं त्याने वाचनालयाचे मागच्या बाजूचे चार पत्रे उचलून शेजारच्या गोठ्यावर नेऊन टाकले. कादंबऱ्यांची दोन कपाटं थेट पावसात. तीनशेच्या वर पुस्तकं भिजली. पत्र्यांचा खर्च बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी आणि सभासदांनी आठवड्यात उभा केला, त्यासाठी वेगळी मागणी नाही. पुस्तकांचं मात्र वेगळं. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकायचं नसतं, हे आमच्यातल्या निम्म्यांना तेव्हा कळलं. उन्हात पानं वाकडी होतात, पुठ्ठा धनुष्यासारखा वळतो. सावलीत उभं करायचं, दर दहा-पंधरा पानांमागे कोरा किंवा वर्तमानपत्राचा कागद घालायचा, पंखा लावायचा आणि कागद ओला झाला की बदलायचा. जाड पुस्तकाला चार-पाच दिवस लागतात. गुळगुळीत कागदाची पुस्तकं तर वाळताना पानाला पान चिकटून वीट होते, ती गेलीच. शाळेच्या मुलामुलींनी सुट्टीतला आठवडा यात घातला. दोनशेच्या आसपास पुस्तकं वाचली. (वाचली म्हणजे टिकली.)

त्यात व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची आपल्याकडची एकमेव प्रत होती. वाचली, पण मधला एक अख्खा फर्मा निखळून गेला. सोळा पानं. पान ४९ ते ६४.

माडगूळकर आपल्याच मुलखातले, त्यामुळे या कादंबरीबद्दल गावात प्रत्येकाला काहीतरी माहीत असतं आणि पूर्ण वाचलेली फार थोड्यांनी असते. १९५५ साली ती पुस्तकरूपात आली. १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला, आणि 'वाचलंय की' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी खरं तर तो चित्रपट पाहिलेला असतो. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर कोवळ्या वयाचा मास्तर येतो, वाडीत मिसळतो, गावकऱ्यांना हाताशी धरून तालीम बांधतो आणि शेवटी दुष्काळ वाडीच रिकामी करतो. वाळलेली प्रत बाइंडिंगला टाकण्याआधी शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी तशीच नेली, फर्मा नसलेली. त्यांनी वहीत लिहिलं, 'मधे काय झालं ते कुणीतरी सांगा.'

मग ती प्रत फिरायला लागली. ताईंकडून बारावीतल्या एका मुलीकडे, तिच्याकडून एसटीतल्या कंडक्टर दादांकडे, पुढे मास्तरांकडे. तीन महिन्यांत नऊ जणांनी तीच फाटकी प्रत वाचली आणि प्रत्येकाने गेलेली सोळा पानं मनाने भरून काढली. श्रावणातल्या कट्ट्याला हे नऊही जण आले आणि पहिल्यांदाच कुणाला बोलतं करावं लागलं नाही. मधे काय घडलं असेल यावरच पाऊण तास गेला. मास्तरांनी लहानपणी वाचलेलं आठवून सांगितलं, तर कंडक्टर दादा म्हणाले, 'असं नसणार, तो वाडीचा कारभारी असला वागणारच नाही.' ताईंचा सगळा राग पोरवयाच्या मास्तरावर. बारावीतली मुलगी म्हणाली, की हा मास्तर सगळ्यांचं ऐकून घेतो, पण स्वतःचं कुठं बोलतो? हे वाक्य मास्तरांना (आपल्या, पुस्तकातल्या नव्हे) लागलं असावं, कारण ते बराच वेळ गप्प होते.

त्या मुलीने आपल्या आजोबांना बरोबर आणलं होतं. त्यांना वाचता येत नाही. नातीने रोज रात्री त्यांना वाचून दाखवलं होतं. उभी हयात मेंढरांमागे गेलेला माणूस. ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. चहा आला तेव्हा एवढंच म्हणाले, 'मास्तर गेला, वाडी उठली, समदं खरं. पर मेंढरांचं काय झालं, त्ये कुणीच इचारंना?'

त्या शनिवारी कट्टा साडेनऊला संपला. एरवी साडेसातला खुर्च्या उचललेल्या असतात.

एक पुस्तक अनेकांनी एकाच वेळी वाचलेलं असलं की काय होतं, हे त्या दिवशी आम्हाला दिसलं. पण त्यासाठी एक प्रत तीन महिने हातोहात फिरवायची आणि पहिल्याने वाचलेलं शेवटच्याची पाळी येईपर्यंत विसरायचं, हे चालायचं नाही. म्हणून कार्यकारी मंडळाने ठरवलं, की दर दोन महिन्यांनी एक पुस्तक निवडायचं आणि त्याच्या दहा प्रती घ्यायच्या. दहा प्रती म्हणजे घराघरांतून वीस-पंचवीस वाचक. दोन महिने संपले की तो संच कापडी थैलीत घालून शेजारच्या गावांतल्या वाचनालयांना फिरता द्यायचा. पेटीतून पुस्तकं वाचकांपर्यंत नेण्याची कल्पना नवी नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाच्या पेट्या २००९ पासून फिरताहेत. त्यांच्या पेटीत निरनिराळी पुस्तकं असतात, आमच्या थैलीत एकच असेल, इतकाच फरक.

अनुदानातून का घेत नाही, असं कुणीही विचारेल. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपलं वाचनालय मान्यताप्राप्त आहे, अनुदान दोन हप्त्यांत मिळतं. त्यातून वेतन, वीजबिल, वर्तमानपत्रं भागवून जे उरतं त्यात नवी पुस्तकं घ्यायची. तेवढ्यात दहा वेगळ्या वाचकांची मागणी पुरी करायची, की एकच पुस्तक दहा वेळा घ्यायचं? मन धजत नाही. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतूनही ग्रंथ येतात, पण ते यादीतले. कट्ट्याला आपल्या मर्जीचं पुस्तक हवं.

हिशेब साधा आहे. मध्यम आकाराची मराठी कादंबरी वाचनालयाची सवलत धरून अडीचशे रुपयांच्या आसपास पडते. दहा प्रतींचे अडीच हजार, कव्हरं आणि थैलीसकट तीन हजार. वर्षाचे सहा संच, अठरा हजार. भिजलेल्यांपैकी साठ पुस्तकांना नव्याने बाइंडिंग हवं, एकाला शंभर धरा, सहा हजार. एकूण चोवीस हजार रुपये. ज्यांना एक अख्खा संच द्यायचा असेल त्यांनी तीन हजार द्यावेत, पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांचं किंवा ते सांगतील त्यांचं नाव घालू. एका प्रतीपुरते अडीचशे दिले तरी ती प्रत तुमची. पुस्तक कुठलं, हे मात्र देणगीदार ठरवणार नाही, कट्टा ठरवेल, हात वर करून. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. गेल्या वर्षी एका सद्गृहस्थांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकाच्या पन्नास प्रती पाठवल्या होत्या.

पावती प्रत्येकाला मिळेल. देणगीवरच्या आयकर सवलतीबद्दल (८०-जी) विचारणा होते म्हणून सांगतो: दोन हजारांवरची रोख देणगी या सवलतीत बसत नाही, तेव्हा मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्यावी, वस्तुरूपाने दिलेल्या पुस्तकांना ती लागू नाही, आणि ज्यांनी नवी कररचना घेतली आहे त्यांना तशीही ती मिळत नाही. थोडक्यात, कर वाचवायला देत असाल तर दुसरीकडे द्या, राग नाही.

आता जुन्या पुस्तकांबद्दल. माळा आवरला की पोतं वाचनालयाच्या पायरीवर, ही पद्धत कृपया बंद करा. गेल्या वर्षी आलेल्या पोत्यांत बदललेल्या अभ्यासक्रमाची गाइडं, डायऱ्या, एका विमा कंपनीची कॅलेंडरं आणि कसर लागलेले मासिकांचे अंक होते. ही कसर आपल्या कपाटांत शिरली तर काय होतं ते ग्रंथपालबाईंना विचारा. आम्हाला रद्दी विकावी लागते आणि देणारा भेटला की त्याच्या नजरेला नजर देता येत नाही. मात्र तुमच्या घरी 'बनगरवाडी'ची जास्तीची प्रत असेल, कुठल्याही आवृत्तीची, तर ती जरूर आणा. पहिला संच तिचाच करायचा आहे. चार जुन्या मिळाल्या तर सहाच विकत घ्याव्या लागतील. आवृत्त्यांचे पानांचे आकडे जुळणार नाहीत, तेवढा गोंधळ कट्टा सोसेल.

शेवटचं आवाहन गावाबाहेरच्या आपल्या माणसांना. गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात आपली पोरं केरळापासून पंजाबापर्यंत पसरली आहेत. दिवाळीला, जत्रेला येतात, देवळाला सढळ हाताने देतात. त्यांच्याकडे आम्ही पैसे मागणार आहोतच, पण आधी वाचक म्हणून या. श्रावणातल्या कट्ट्याला तमिळनाडूतल्या दुकानातून आपला एकजण फोनच्या स्पीकरवर होता. मागे भट्टीचा आवाज येत होता. तो म्हणाला, 'बाजारपेठेत दिवसभर तमिळ, घरी आलो की टीव्ही. दोन वर्षांनी मराठी एवढं ऐकलं.' त्याला प्रत हवी होती, आमच्याकडे द्यायला नव्हती. आता दहापैकी दोन प्रती बाहेरगावच्या वाचकांसाठी राखून ठेवू. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केली आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. जाताना टपाल आम्ही भरू, वाचून झालं की तुम्ही पुढच्याला पाठवा.

ज्यांना पैसे देणं जमणार नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. संचाच्या प्रतींना कव्हरं घालायला पुढच्या रविवारी सकाळी दहाला हातांची गरज आहे. कात्री घरून आणा, वाचनालयात एकच आहे आणि ती बोथट आहे. ज्यांना डोळ्यांनी वाचणं झेपत नाही अशा पाच-सहा ज्येष्ठांना आठवड्यातून दोनदा वाचून दाखवणारं कुणीतरी हवं. सगळ्यांनाच अशी नात मिळत नाही. आणि पाठीला टेक असलेल्या दहा खुर्च्या. बाकांवर साडेनऊपर्यंत बसवत नाही.

देणग्या वाचनालयाच्या वेळेत, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ, देवघेवीच्या टेबलावर स्वीकारल्या जातील. सोमवारी बंद. पुढचा कट्टा दुसऱ्या शनिवारी, नेहमीच्या वेळी.

आणखी एक. पत्रे उडाले त्या संध्याकाळी कागद गावभर झाले होते. कुणाच्या गोठ्यात, परसात, गाडीच्या टपावर छापील पानं सापडली असतील आणि कुणी ती उचलून ठेवली असतील, तर पानांचे आकडे बघा. ४९ ते ६४ असतील तर वाळवत बसू नका, तशीच घेऊन या.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ आणि कट्ट्याचे वाचक