सही गिरणीवर नको, सभेत हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आमच्या गावात वीसेक माणसं होती. सोयाबीन काढणीचे दिवस, रोज पाडून कोण येणार? संध्याकाळी रजिस्टर माझ्या पिठाच्या गिरणीवर आलं. "ताई, एवढी सही करा." नऊ वर्षं मी अशीच सही करत आले, एखाद्या पानावर माझ्या पिठाच्या बोटांचे ठसेही सापडतील. यंदा हात पुसले आणि नाही म्हणाले.

मुक्त विद्यापीठातून राज्यशास्त्र घेऊन मी बी.ए. करते. दळणाचे डबे रांगेत असतात, तेव्हा पट्ट्याच्या आवाजातच वाचते. प्राचीन ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल म्हणतो, न्यायनिवाड्यात आणि कारभारात ज्याचा वाटा आहे तो नागरिक. गावात नुसतं राहून कुणी नागरिक होत नाही. पण बाईला तो त्यात धरत नाही. तिच्याकडे विचारशक्ती आहे, पण तिला अधिकार नाही, असं लिहितो. वाचून इतका संताप आला की दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. ज्या अथेन्स या ग्रीक नगरात तो राहिला, तिथं तो स्वतः परकाच, स्टागिरा गावचा. तिथल्या सभेत त्यालाही मत नव्हतं. मला ते आहे. आणि मी ते गिरणीच्या ओट्यावर उभ्या उभ्या देऊन टाकत होते.

अथेन्समध्ये काही निर्णयांना 6000 नागरिकांची हजेरी लागे. बाजारात रेंगाळणाऱ्यांना तांबड्या रंगात बुडवलेल्या दोरीनं सभेकडे रेटत. तरी माणसं येईनात, तेव्हा हजेरीचा भत्ता सुरू केला, आधी एक ओबोल (तिथलं नाणं), मग दोन, मग तीन. आपल्याकडे ग्रामसभेच्या गणपूर्तीला, म्हणजे किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा पुरतो. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. सिसेरो या रोमनानं लिहिलंय की कशीही जमलेली गर्दी म्हणजे जनता नव्हे. इथं तर गर्दीही नसते, नुसत्या सह्या असतात.

सगळ्यात मनात राहिली ती हिशेबाची रीत. अथेन्सचा अधिकारी पदावरून उतरला की त्याला हिशेब द्यावा लागे, आणि कुणीही नागरिक उठून तक्रार करू शके. आमच्या गल्लीतली नाली कागदावर दोनदा झाली. पाणी अजून गिरणीसमोरच साचतं. दोन्ही ठरावांखाली माझी सही आहे, हे मी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांची वही, मागून पाहिलं तेव्हा कळलं.

म्हणून ग्रामपंचायतींना विनंती आहे की काढणीच्या दिवसांत सभा दिवेलागणीला घ्या. खर्चाची एकेक बाब मोठ्यानं वाचा, सह्या त्यानंतर आणि तिथंच घ्या. महिला सभेतही तेच करा. आणि गावोगावच्या बायांनो, घरी आलेल्या रजिस्टरवर सही करू नका.

पुढची सभा 26 जानेवारीला. 'त्या दिवशी दळण मिळणार नाही' अशी पाटी मी गिरणीवर आत्ताच लावली आहे.

— एक गिरणीवाली, जि. लातूर