कनवटीचे पैसे

ठाणे,
मंगळवार, रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू ताटावरून उठलीस. आमटी वाटीत तशीच राहिली. मी निदान तुझं जेवण होईपर्यंत तरी गप्प बसायला हवं होतं. व्हिएतनामचा व्हिसा तू काढलास, हनोईचं हॉटेल तू शोधलंस, पैसे तुझ्या पगाराचे. आपल्या घरात फिरण्यासाठी पासपोर्ट वापरणारी तू पहिली. बाबांचा तर मुदत संपून नवा आला, तोही कोराच आहे. हे सगळं मी काल समोरच्या काकूंना अर्धा तास सांगत होते. तुझ्याशी बोलायची वेळ आली तेव्हा मात्र कुर्त्याखाली पैसे ठेवायच्या त्या पिशवीशिवाय दुसरं काही तोंडातून निघालं नाही.

पिशवीचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसले आहे.

फोन आणि एक कार्ड पुरे, असं तुझं म्हणणं. इथे ते खरं आहे. तलावपाळीवर भेळवालासुद्धा क्यूआर पुढे करतो. पण तिकडे फुटपाथवर फो, म्हणजे त्यांचं शेवयांचं सूप, विकणाऱ्या बाईकडे आपलं यूपीआय चालेल असं धरून जाऊ नकोस. तिकडचं चलन, डोंग, इथे सहजी मिळत नाही, म्हणून डॉलर न्यायचे ठरवलेस ते बरोबर. गोखले रोडवर घ्यायला जाशील तेव्हा नोटा कोऱ्या मागून घे. शिक्का किंवा शाईचा ठिपका असलेली नोट तिकडचे लोक परत करतात. बेबीमावशीने दिलेली शंभर डॉलरची नोट मी तुझ्यासाठी काढून ठेवली होती. पण ती २०१३ च्या आधीची, निळी पट्टी नसलेली. चलनातून गेलेली नाही, तरी एखाद्याने घेतली नाही तर तू परक्या गावात कुणाशी वाद घालणार? म्हणून पुन्हा रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवून दिली.

आता हे नीट वाच. त्यांची वीस हजारांची नोटही निळी आणि पाच लाखांचीही निळीच. काकूंच्या जावयाने आणलेल्या दोन्ही नोटा मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. सत्तावीस वर्षं कॅश काउंटरवर बसल्यामुळे मला नोटेचा रंग आधी दिसतो, आकडा मागाहून. तरी क्षणभर फसले. रुपयाला साधारण तीनशे डोंग धरले तर एक नोट सत्तरेक रुपयांची आणि दुसरी सोळा-सतराशेची. रात्री टॅक्सीतून उतरताना, पाठीवर सॅक, मैत्रिणी घाई करतायत, अशा वेळी कोणती दिलीस ते कळणारही नाही. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेव. बघ, पुन्हा तेच आलं. सगळं एका जागी नको.

कार्डाचंही तसंच. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड परदेशात आपोआप चालत नाही, आपल्याला ते चालू करावं लागतं. तू केलंयस का? आणि मर्यादा लावलीस का? लाखभर रुपये उघडे ठेवायची गरज नाही, तीन दिवसांपुरतं ठेव, लागलं तर तिथूनच वाढव. मशीनने रुपयांत पैसे कापू का असं विचारलं तर नाही म्हण, डोंगमध्येच कापायला सांग. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर त्यांनी लावलेला असतो आणि बहुतेक वेळा महागच पडतो. परकं चलन भरून ठेवायच्या त्या फॉरेक्स कार्डावर तू डॉलर भरलेस, म्हणजे तिथे डॉलरचे डोंग होताना पुन्हा थोडं कापलं जाणार, तेही हिशोबात धर. क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नकोस, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. दुसऱ्या बँकेचं डेबिट कार्ड ने आणि ते खोलीवरच्या बॅगेत असू दे, पर्समध्ये नको. आपलं सिम चालू ठेव, ओटीपी त्यावरच येणार. काही गडबड वाटली तर हॉटेलवर पोचायची वाट बघू नकोस, उभ्या जागेवरून कार्ड बंद कर आणि बँकेला कळव. काउंटरवर किती जण आठवडाभराने सांगायला यायचे, आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे.

परत भाषण झालं. माफ कर. यातलं अर्धं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, फॉरेक्स कार्ड म्हणजे काय ते तूच मला समजावलंस.

पण मदुराई तुला माहीत नाही. दादा अडीच वर्षांचा होता, तुझा पत्ता नव्हता. १९९९ चा डिसेंबर. स्टेशनावर बाबांच्या खांद्यावरची बॅग ब्लेडने कापली. पैसे, परतीची तिकिटं, दादाचं तापाचं औषध, सगळं त्या एकाच बॅगेत, कारण मीच म्हटलं होतं की एकत्र असलं म्हणजे शोधाशोध नको. मी म्हटलं होतं, बाबांनी नव्हे. त्यांनी आजवर एकदाही ते बोलून दाखवलेलं नाही. माझ्या ब्लाउजमध्ये रुमालात १४० रुपये होते. मामाची तारेने मनिऑर्डर यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत धर्मशाळेच्या ओसरीवर दादाला मांडीवर घेऊन इडल्यांचा हिशोब करत होते. त्याचं अंग तापलेलं. आजी नऊवारीच्या कनवटीला नाणी लावायची, काही तांदळाच्या डब्यात, काही देवाच्या फोटोमागे, आणि आम्ही भावंडं हसायचो. मदुराईत मला आजी फार आठवली.

तू आठ वर्षांची असताना दसऱ्याला जांभळी नाक्यावर फुलवाल्या मावशींनी गर्दीत पन्नास रुपये जास्त परत दिले होते. मी पाकळ्या निवडत होते. तूच मोजलेस आणि परत केलेस. त्यांनी तुला झेंडूची दोन फुलं जास्त दिली, ती तू घरापर्यंत हातात धरून आणलीस. पैशाचं तुला कळतं, हे मला तेव्हापासून माहीत आहे. मला तुझी भीती वाटत नाही, बॅग कापणाऱ्याची वाटते.

पिशवी बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली आहे. माझ्या जुन्या निळ्या सुती साडीची शिवली आहे, सपाट, कुर्त्याखाली दिसणार नाही. घालायची तर घाल. नाही तर पैसे तीन जागी ठेव आणि कुठे ठेवलेस ते मला सांगूही नकोस.

बाबा विमानतळावर येतील. मी खालीच, गेटपाशी निरोप देईन, गाडीत बसले की रडू येतं.

तुझी,
आई

ता.क. पिशवीत शंभराच्या दहा नोटा आहेत. आपलेच रुपये. तिकडे मोडू नकोस, परत आल्यावर विमानतळावरून ठाण्याला यायला आहेत.