वाकळ पुन्हा शिवायची आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, तू दिलेली वाकळ पायाकडच्या बाजूला विरली. वरचं तुझं पोपटी पातळ झिरझिरीत झालंच होतं, ते परवा फाटलं आणि आतून गडद हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. आजीची जुनी वाकळ पोटात घालून तू ही शिवलीस, हे मला माहीत होतं. पण ती अशी हाताला लागली तेव्हा मी कितीतरी वेळ तो काठ चाचपत बसले.

१९७२च्या दुष्काळात जे नेसून आजी खडी फोडायला जायची, तेच का गं हे? कामावर मिळालेली सुकडी ती पदरात बांधून घरी आणायची, ती बाबांसाठी. घरात तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची, हेही तिनेच सांगितलेलं. बाबा, तुम्ही मात्र त्या वर्षाबद्दल कधी बोलला नाहीत. तुम्ही तेव्हा शाळेत जात होता ना? मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. आता ऐकायचं आहे, तुम्हाला सगळं नीट आठवतंय तोवर.

वाकळेची कड तुमच्या एसटीतल्या खाकी पँटची. त्या जाड कापडात आईच्या सुया मोडायच्या, तरी ती खाकीच कडेला लावायची, कारण वाकळ आधी कडेने झिजते. वरचं पातळ गेलं, पण कड अजून धड आहे. तुम्ही मुक्कामाच्या गाडीवर असलात की धाकटा ती कड नाकाशी धरून झोपायचा आणि म्हणायचा, डिझेलचा वास येतोय. नवरात्राच्या आधी आई सगळ्या वाकळा ओढ्यावर नेऊन आपटून धुवायची. भिजलेली वाकळ पिळायला दोघी बायका लागायच्या. इतकी धुतल्यावर कसला वास राहणार, पण त्याला तो यायचा.

मधला माझ्या शाळेच्या टेरिकॉटच्या स्कर्टचा तुकडा अजून निळाच्या निळा आहे, पण त्यात टाका कधी नीट बसला नाही, गोळा होतो. सुती तुकडे मात्र एकमेकांत असे मिसळलेत की कुठलं कुठे संपतं ते बोटाला कळत नाही. ताईचं झबलं मी ओळखते. जांभळा खण आत्याच्या चोळीचा की आजीच्या, ते तुम्ही दोघांनी सांगायचं. प्रत्येक तुकडा कुणाचा, हे मला लिहून ठेवायचं आहे.

इथे वाकळ मशीनवर शिवून देतात. मी दिली नाही. टाके सरळ येतील, पण मला तुझे धावदोरे हवेत आई, कडेकडून सुरू होऊन चौकोनामागून चौकोन आत जाणारे. डोळ्यांच्या ऑपरेशनपासून तू सुई हातात घेत नाहीस. घेऊही नकोस. दोरा मी ओवीन, टाकेही मीच घालीन. तू जवळ बस आणि कोपऱ्यावर दोरा कसा वळवायचा, गाठ आत कशी दडवायची ते सांग. चुकलं तर उसवायला लाव.

तोवर एक करा. भांडेवाली आली तर जुन्या कपड्यांवर पातेलं घेऊ नका. बाबांचे सुती शर्ट, एखादं धोतर, तुझी विटलेली पातळं, सगळं धुऊन गाठोड्यात बांधून ठेव. वरचा नवा थर त्यांचाच करायचा. आतलं काही काढायचं नाही, आजीचं लुगडं आहे तिथेच राहू दे.

मी अक्षय्य तृतीयेच्या आधी येते, म्हणजे पावसाच्या आत शिवून वाकळेला ऊनही देता येईल. जाड दोरा आणि सुया मी आणते. बाबा, सोप्यातली बाज तेवढी बाहेर काढून ठेवा, वाकळ पसरायला जागा लागेल. एकटे उचलू नका, शेजारून कुणाला तरी हाक मारा.

तुमची,
मधली लेक