रजेवरच्या शिक्षकाचा वर्ग कोण घेणार?

मा. संपादक महोदय,

शिक्षकांच्या रिक्त पदांविषयी वर्तमानपत्रांतून बरेच लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे; परंतु पद भरलेले असूनही वर्गात शिक्षक नसतो, अशा दिवसांचा हिशेब कोणी मांडत नाही.

मी नागपूर जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेतून निवृत्त झालो. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन खोल्या आणि आम्ही दोघे. सहकारी बाई १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर गेल्या (तो त्यांचा हक्कच होता), तेव्हा मी बदली शिक्षकासाठी अर्ज केला. पद रिक्त नसल्याने मागणी विचारात घेता येत नाही, असे उत्तर आले. कागदाच्या हिशेबाने ते चूकही नव्हते. मग ते सहा महिने मी व्हरांड्यात दोन दारांच्या मधोमध खुर्ची टाकून काढले. डावीकडे पहिली-दुसरी, उजवीकडे तिसरी-चौथी. चौथीतली एक चुणचुणीत मुलगी पहिलीच्या मुलांकडून अंक आणि पाढे म्हणून घेई. ती शिकवायची छान, पण तिचा स्वतःचा भागाकार त्या वर्षी कच्चा राहिला, याची रुखरुख मला अजून आहे. त्यातच आसपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, बैठक निघाली की शाळा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंच्या भरवशावर सोडून जावे लागे.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ प्राथमिक शाळेत ६० विद्यार्थ्यांच्या पटापर्यंत दोन शिक्षक देतो, आणि कलम २६ नुसार रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. या दोन्ही तरतुदी पदे मोजतात. त्या दिवशी खडू कोणाच्या हातात आहे, हे मोजत नाहीत. कलम २७ ने अशैक्षणिक कामांना मनाई केली खरी, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळल्या. मतदारयाद्यांची कामे किती दिवस चालतात, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे.

शहरातील मोठ्या शाळांत हे झाकले जाते इतकेच. तेथे बदली तास लावतात, नाहीतर दोन तुकड्या एका खोलीत बसवतात. माझ्या नातवाच्या गणिताच्या वहीत मध्यंतरी ओळीने नऊ पाने शुद्धलेखन होते. गणिताचे सर रजेवर होते आणि तासाला येणाऱ्या मराठीच्या बाईंनी त्यांना जमेल ते करून घेतले. त्यांना दोष कसा द्यावा?

मुख्याध्यापकाने स्वतः कोणाला नेमावे म्हटले, तर पैसा नाही. समग्र शिक्षा अभियानातून ३० पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपयांचे संयुक्त अनुदान मिळते. त्यात किरकोळ दुरुस्ती आणि रोजचे साहित्य भागवतानाच ओढाताण होते. जुलै २०२३ मध्ये शासनाने निवृत्त शिक्षकांना दरमहा २० हजार रुपये मानधनावर घेण्याचे ठरवले, परंतु तेही रिक्त पदांवर, नियमित भरती होईपर्यंत. रजेचा प्रश्न तेथेही दाराबाहेरच राहिला.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक केंद्रात, म्हणजे साधारण दहा शाळांमागे, एक रजा राखीव शिक्षक, म्हणजे रजेवरच्या शिक्षकाचा वर्ग घेणारा शिक्षक, असावा. त्याचे पद मंजूर पदांतून कापलेले नसावे आणि त्याला कार्यालयीन कामाला जुंपू नये, नाहीतर तो केंद्राचा कारकून होऊन बसेल. शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या डीएड (अध्यापन पदविका) धारकांना अशा नेमणुकांत कंत्राटीकरणाचा वास येईल आणि त्यांची शंका रास्त आहे. म्हणूनच हे पद नियमित भरतीतूनच भरले जावे. तोवर किमान दीर्घ रजांसाठी आम्हा निवृत्तांना दिवसाच्या मानधनावर बोलवावे. प्रसूती रजा तर काही महिने आधीच माहीत असते; विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडण्यापूर्वी तेवढ्या वर्गांसाठी तरी माणूस ठरवून ठेवता येईल.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, मानेवाडा, नागपूर