शंभर मीटरच्या आतली माणसं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेठांमधले जुने वाडे जपावेत की पाडून नव्या इमारतींना जागा करून द्यावी, यावर आपल्या पत्रस्तंभात सध्या दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिलं जातंय. लिहिणाऱ्यांत वाड्यात राहणारं मात्र कुणी दिसलं नाही, म्हणून हे पत्र. मी कसबा पेठेत, शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत राहतो. जन्मही इथलाच. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी झाली, त्यामुळे मोजमापाचं जे काही पुढे येईल ते अंदाजपंचे नाही.

आधी आमच्या वाड्याची अवस्था. काळ्या दगडाचं जोतं आहे, ते अजून तसूभर हललेलं नाही. त्यावर भाजक्या विटा आणि चुना, वरच्या मजल्याला पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर कौलं. माजघरावरची तुळई वाळवीने पोखरली तेव्हा तिच्याखाली लोखंडी गर्डर सरकवून घेतला. पूर्वेच्या भिंतीला पोट आलंय, तिला बाहेरून टेकू आहेत, आणि त्या बाजूच्या खोलीत पावसाळ्यात आम्ही कुणी झोपत नाही. भाडेकरू तीन, भाडं इतकं की ते वसूल करायला जिना चढण्याचे कष्ट जास्त. मे महिना आला की वाडा धोकादायक असल्याची नोटीस दारावर लागते: दुरुस्त करा, नाहीतर उतरवून घ्या. नोटिशीबद्दल माझी तक्रार नाही, धोका खराच आहे. पण वाडा एकदा उतरवला की त्याच जोत्यावर तो पुन्हा उभा करायला कायद्याने बंदी आहे, हे वाचकांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकांसाठी केंद्राचा १९५८ चा कायदा आहे. १९९२ च्या जूनमध्ये निघालेल्या अधिसूचनेने स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरचा पट्टा निषिद्ध आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित ठरवले. २०१० च्या दुरुस्तीने ते थेट कायद्यातच घातलं आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नेमलं. नियंत्रित पट्ट्यात परवानगी घेऊन बांधकामही करता येतं आणि पुनर्बांधणीही. निषिद्ध पट्ट्यात फक्त १९९२ पूर्वीच्या इमारतींची डागडुजी, तीही परवानगीने. आणि याच कायद्याने पुनर्बांधणीची व्याख्या काय केली आहे? पूर्वीच्याच लांबी-रुंदीत आणि पूर्वीच्याच उंचीत पुन्हा उभारलेली इमारत. म्हणजे एक वीतही वाढवायची नाही, होतं तेवढंच पुन्हा बांधायचं. आम्हाला हवंय तेच! ते शनिवारवाड्यापासून एकशे एक मीटरवर करता येतं, नव्व्याण्णव मीटरवर येत नाही.

पोट आलेल्या मातीच्या भिंतीची डागडुजी कुठवर करणार? कधीतरी ती उतरवून नव्याने रचावीच लागते. तिथे डागडुजी संपते कुठे आणि पुनर्बांधणी सुरू होते कुठे, हे मी एका कार्यालयात नकाशा पसरून विचारलं. साहेब सज्जन होते. "तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण सही मी करणार नाही," म्हणाले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केली नसती.

हा भाग किती मोठा आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो. नुसत्या एका बिंदूभोवती तीनशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तरी क्षेत्रफळ सत्तर एकरांच्या घरात जातं. इथे तर मधे तटबुरुजांसकट अख्खा शनिवारवाडा आहे, आणि अंतर तटाबाहेरच्या हद्दीपासून मोजायचं. पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती, जिचं ग्रामदैवत अख्ख्या शहराच्या गणेशोत्सवात मानाचा पहिला गणपती आहे, तिचा मोठा तुकडा या वर्तुळांत अडकलाय.

वर्तुळ सगळ्यांना सारखं जाचत नाही. मेट्रोचा वनाझ-रामवाडी मार्ग आगाखान पॅलेसच्या शंभर मीटरच्या आत येत होता, तेव्हा तो कल्याणीनगरकडून वळवून नेला. योग्यच झालं. पण मेट्रोला वळता येतं, वाडा कुठे वळवणार? जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मंजूर केलं, पुढे ते राज्यसभेने प्रवर समितीकडे धाडलं. त्यात निषिद्ध क्षेत्रात सवलत कुणाला होती? केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

आपल्याकडच्या एका पत्रलेखकाने लिहिलंय की जुन्या जागी नवं बांधणं ही इतिहासाशी प्रतारणा आहे. त्यांनी एकदा कसब्यात यावं. ज्या लाल महालासमोर शाळेच्या सहली फोटो काढतात, तो महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलाय. मूळ महाल केव्हाच नाहीसा झाला होता. शनिवारवाडा १७३२ मध्ये बांधून झाला, पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घातली, १८२८ च्या आगीत आतल्या हवेल्या जळाल्या. आज तिकीट काढून लोक बघतात ते तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि जोती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा नदीकडच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे विरघळून बसले आणि लोकांनी मिळेल त्या सामानाने पुन्हा घरं उभी केली. कसबा पेठ पुन:पुन्हा बांधली गेली, म्हणूनच टिकली. आता बंदी आहे ती नेमकी याच गोष्टीवर.

म्हणून मी बिल्डरांच्या बाजूचा आहे असं कुणी समजू नये. वर्तुळाबाहेर काय चाललंय तेही रोज बघतो. चार प्लॉट एकत्र करायचे, मधला बोळ गिळायचा, खाली पार्किंग आणि वर मजल्यावर मजले. पार्किंगच्या सक्तीने पेठांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं पावसाने केलं नसेल. ज्या बोळातून रिक्षा वळत नाही, तिथल्या इमारतीखाली आठ गाड्यांची जागा दाखवावी लागते, आणि त्यापायी तळमजला जातो. तळमजला म्हणजे ओटा, दुकान, पिठाची गिरणी, देऊळ, गप्पा. आमच्या तांबट आळीत अजून तांब्याच्या भांड्यांना हाताने मठारतात. पेशवाईपासूनचं काम. एका भांड्यावर किती ठोके बसतात ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही, पण आवाज सकाळपासून असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ऐरण ठेवून बघा, संध्याकाळपर्यंत सोसायटीची नोटीस येईल. नव्या इमारतीत तांबटांना जागा मिळते, कामाला मिळत नाही. हेरिटेज वॉकवाले त्यांच्या ठोक्यांचे व्हिडिओ काढून नेतात. तांबटांच्या मुलांनी हे काम कुठे करावं, यावर मात्र या वॉकवाल्यांत चर्चा झालेली ऐकली नाही.

पाया खणण्याचंही तसंच. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरात पाणी आणलं आणि ठिकठिकाणी हौद बांधले. जुन्या पेठांखाली ते नळ अजून सापडतात, आणि जेसीबीने अर्ध्या तासात फुटतातही. होत्या त्याच जोत्यावर बांधलं तर त्यांना धक्का लागत नाही. दोन मजली तळघर खणलं तर लागणारच.

जपणूक अशक्य आहे असंही नाही. विश्रामबागवाड्याचा लाकडी दर्शनी भाग महापालिकेने दुरुस्त केला, नाना वाड्याचंही काम झालं. म्हणजे चुना कसा मळायचा, सागवानाला सांधा कसा करायचा, हे जाणणारे कारागीर अजून मिळतात. पण ते वाडे सरकारी मालकीचे. खाजगी वाड्याला तोच खर्च कोण देणार? हेरिटेज यादीतल्या वाड्याच्या मालकाला न वापरलेलं चटईक्षेत्र टीडीआर म्हणून, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क म्हणून, विकता येतं, पण यादीत नसलेल्या साध्यासुध्या वाड्यांनी काय करायचं? आमच्या वाड्यात ना कोरीव गणेशपट्टी, ना चित्रं. इथे इतिहासात नोंद होईल असं कुणी जन्मलंही नाही. पेठ मात्र अशाच वाड्यांची बनलेली आहे.

तेव्हा जपा म्हणणाऱ्यांना आणि पाडा म्हणणाऱ्यांनाही माझी विनंती आहे की अंतरावर भांडण्याऐवजी उंचीवर आणि आकारावर बोला. शंभर मीटर राहू द्या. त्या आत काय बांधायचं ते ठरवा: जोतं तेच, मजले तेवढेच, छप्पर उतरतं, रस्त्याकडची बाजू पूर्वीसारखी, खाली पार्किंग नाही. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करावेत, असं हाच कायदा सांगतो. पण निषिद्ध पट्ट्यातली बंदी उपविधींनी हटणार नाही, त्यासाठी संसदेतच जावं लागेल.

आमच्या आळीतल्या काही जणांनी मिळून दुरुस्तीचा एक मसुदा केलाय, तो खासदारांना देणार आहोत. मसुदा एवढाच: "निषिद्ध क्षेत्रातील, १६ जून १९९२ पूर्वी अस्तित्वात असलेली निवासी इमारत धोकादायक ठरल्यास, पूर्वीच्याच लांबी, रुंदी व उंचीच्या मर्यादेत तिच्या पुनर्बांधणीस सक्षम अधिकारी परवानगी देऊ शकेल, मात्र तिच्यात राहणाऱ्या मालकांचा व भाडेकरूंचा हक्क कायम राहील." शेवटची अट आमच्याच एका भाडेकरूने घालायला लावली, आणि मी ती काढलेली नाही. आपल्या वाचकांत कुणी वकील असतील तर त्यांनी भाषा तपासून द्यावी.

आपला,
कसबा पेठेतील एक वाडामालक, पुणे